हलक्या गटांमधला इनोऊए

बॉक्सिंगबद्दल एकाने लिहिलंय की हलक्या वजनगटांत तीन-चार पौंडांचाच फरक, त्यामुळे तिथे गट बदलण्यात काय मोठेपणा? मला हे अजिबात पटत नाही. १०८ पौंडांच्या माणसाला १२२ च्या गटात जायला १४ पौंड वाढवायचे म्हणजे वजन जवळपास १३ टक्क्यांनी वाढवायचं.

जपानच्या नाओया इनोऊएचंच बघा. एप्रिल २०१४ मध्ये लाइट फ्लायवेटचा (१०८ पौंड) जगज्जेता झाला तेव्हा वजन उतरवून उतरवून भर लढतीत त्याच्या पायात गोळे आले होते. त्याच डिसेंबरात मधला फ्लायवेट गट ओलांडून ११५ पौंडांत आला आणि ओमार नार्वाएझसारख्या मुरलेल्या विजेत्याला दोन फेऱ्यांत चार वेळा खाली पाडलं! पुढे ११८ आणि १२२, दोन्ही गटांत चारही प्रमुख संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टे त्याने मिळवले.

पण वर गेलं की समोरच्याचा ठोसाही जड होतो. २०१९ मध्ये जपानमधल्या सैतामा शहरात फिलिपिनो बॉक्सर नोनितो दोनाएरच्या डाव्या हुकने (बाजूने मारलेल्या ठोशाने) त्याच्या उजव्या डोळ्याखालचं हाड मोडलं, एकाचे दोन दिसायला लागले. तर गडी उजव्या ग्लोव्हने तो डोळा झाकून एका डोळ्याने लढला आणि अकराव्या फेरीत पोटावर डावा ठोसा हाणून दोनाएरला गुडघ्यावर आणलं. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी लढत हीच.

१२२ मध्ये नेरी (२०२४, टोकियो डोम) आणि कार्देनास (२०२५, लास वेगास) या दोघांनी त्याला खाली पाडलं. दोन्ही वेळा उठून त्याने नॉकआउटने जिंकलं, तरी पुढच्या १२६ पौंडांच्या गटात जायची त्याने घाई करू नये असंच मला मनापासून वाटतं.