मदत हवी आहे: घंटागाडीवाले एकच पिशवी परत ठेवून जातात, काय करू? (जुळे सोलापूर)

कडक_भाकरी
आमच्या गल्लीत घंटागाडी सकाळी येते. ओला घेतात, सुका घेतात, तिसरी पिशवी मात्र गेटला टेकवून निघून जातात. विचारलं तर "हे मिक्स हाय, चालत नाही" एवढंच उत्तर. मिक्स कुठं आहे? मी सगळं वेगळं करते. एप्रिलचं ऊन आहे, पिशवी दुपारपर्यंतसुद्धा दारात ठेवता येत नाही. कुत्री फाडतात, शेजारचे बोलायलेत. उद्या सकाळी गाडी यायच्या आत उत्तर पाहिजे. आणि कृपया "कचरा वेगळा करा" एवढं सांगू नका, करतेच आहे.

सात_रस्ता
ओला एक, सुका दोन. तिसरी पिशवी कशाची?

गच्चीवरची_बाग
ताई, मुळात ओला कचरा गाडीत देऊच नका. मी गच्चीवर झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्यात, तळाला आणि कडेला भोकं पाडून. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर भाजीची देठं-सालं बारीक करून, वर तेवढाच कोरडा थर. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणायला लागत नाही, आपल्या सोलापुरात कडब्याची कुट्टी मिळते, तिच्यासारखं दुसरं काही नाही. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक शिंपडा. आपल्या उन्हात अडचण अशी की कचरा कुजायच्या आधीच वाळून बसतो. म्हणून उन्हाळ्यात बादली सावलीत ठेवायची आणि भाजी धुतलेलं पाणी शिंपडायचं. मूठभर दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये, एवढीच ओल. वास यायला लागला तर ओल जास्त झाली समजा, कुट्टी वाढवा. अळ्या दिसल्या तर फिनेल टाकू नका, त्याच कुजवायचं काम करतात. शेंगांची टरफलंही चालतात, फक्त वेळ लागतो.

कडक_भाकरी
काका, ओला कचरा ते घेतात. प्रश्न त्याचा नाही.
@सात_रस्ता तिसऱ्या पिशवीत घरातला बाकीचा कचरा.

सात_रस्ता
"बाकीचा" म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

लूमवाले_अण्णा
मी सांगतो. चिंध्या असणार. आमच्या अशोक चौकाकडं घरोघरी युनिफॉर्मची शिलाई चालते, कात्रणं गोणीनं निघतात. घरच्या कचऱ्यात ती गेली की गाडीवाले घेत नाहीत, कारण ते धंद्याचं झालं. लूमच्या सुताच्या गुंत्याचंही तसंच. कात्रण गाडीला देऊच नका. चिंध्या घेणारे वेगळे असतात, वजनावर नेतात. सुती वेगळं आणि टेरिकॉट वेगळं ठेवलं तर सुतीला भाव बरा मिळतो, पुसायच्या कापडासाठी गॅरेजवाले घेतात.

कडक_भाकरी
अण्णा, आमच्यात शिलाई नाही. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे डायपर, कापूस, जखमेचं गॉज, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. सगळं जाड काळ्या पिशवीत भरून गाठ मारते, म्हणजे कुणाला दिसू नये. हे मिक्स कसं झालं?

निवृत्त_मास्तर
आता विषय कळला. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) घरच्या कचऱ्याचे तीन भाग केले होते: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. डायपर आणि सॅनिटरी पॅडबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ते बनवणाऱ्याने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाकायचे. म्हणजे तेव्हा तिसरी पिशवी करायचं कारणच नव्हतं. सुक्यात टाकलं की विषय संपायचा.

सिस्टर_अक्का
मास्तर, विषय संपत नाही. तो सुका कचरा पुढं कुणीतरी हाताने निवडतं. दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठा वेगळा काढताना मध्येच डायपर फुटला तर त्या बाईच्या हाताला काय लागतं? त्या नियमात सुक्यात टाका असं होतं तरी वेगळं बांधून, ओळखू येईल असं देणं हीच माणुसकी. पुण्यात कचरावेचकांच्या बाजूने लाल ठिपक्याची मोहीम झाली ती यासाठीच: गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघायची वेळच येत नाही.
ताई, सासूबाईंना शुगर आहे का? इंजेक्शन चालू आहे?

विडी_घरकुल
आमच्या इकडं लोक मागच्या मोकळ्या जागेत जाळून टाकतात. काडी लावली की संपलं. रोजची कटकट नाही.

सिस्टर_अक्का
जाळायचं नाही! डायपरमध्ये प्लास्टिक असतं, आत पाणी धरून ठेवणारी पावडर असते. ते ओलं असतं, नीट जळतच नाही, धुमसत राहतं. तो विषारी धूर तुमच्याच गल्लीतली म्हातारी माणसं आणि लेकरं ओढतात. घरात आजारी माणूस असताना तर विचारही करू नका.

निवृत्त_मास्तर
रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात कचरा टाकणं, जाळणं, पुरणं, हे सगळं नियमांत मना आहे. याबाबतीत सिस्टरशी पूर्ण सहमत.

सुती_लंगोट
डायपर वापरायलाच का लागतात? आमच्या आईला आम्ही शेवटपर्यंत जुन्या धोतराचे आणि सुती साडीचे तुकडे वापरले. कचरा शून्य, खर्च शून्य, कातडीला पुरळ नाही. आजकाल सगळ्यांना विकतचं लागतं.

होटगीरोडकर
@सुती_लंगोट तुमच्याकडं नळाला रोज पाणी येत असेल. आमच्याकडं येत नाही. टाकीतलं पाणी मोजून वापरतो. उन्हाळ्यात ते कपडे रोज धुवायचे, उकळायचे, कुठून आणायचं पाणी?

सुती_लंगोट
आमच्याकडंही रोज येत नव्हतं. मनात असलं की जमतं. वेगळा पिंप भरून ठेवायचो.

होटगीरोडकर
पिंप भरायला घरात माणसं लागतात, अंगण लागतं. फ्लॅटमधल्या एकट्या बाईला हे सांगणं सोपं आहे. पाण्याचं वेळापत्रक रोज बदलतं, रात्री अपरात्री उठून मोटर लावायला लागते, त्यात हे धुणं.

लूमवाले_अण्णा
उजनी धरण भरलं तरी आपल्याला पाणी दिवसाआड नाही, याचं उत्तर कोण देणार?

सात_रस्ता
पाण्याचा धागा वेगळा काढा हो. ताईंना उद्या सकाळी पिशवी द्यायची आहे.

कडक_भाकरी
सुती कपडे सुरुवातीला वापरले होते. सासूबाईंचं वजन आहे, मी एकटी त्यांना वळवते, दिवसातून इतक्यांदा जमत नाही. डायपरच राहणार.
@सिस्टर_अक्का होय, शुगर आहे. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. सुयाही त्याच पिशवीत जातात, पण टोपण लावून. काल गाडीवरच्या ताईंनी पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली आणि खाली ठेवली.

सिस्टर_अक्का
हेच विचारत होते. त्या ताईंनी दाबून पाहिली म्हणजे त्यांना आधी कधीतरी, कुठल्यातरी पिशवीतून टोचलेलं असणार. काळी पिशवी, आत काय ते दिसत नाही, मऊ गोळ्यात एक टोकदार वस्तू. टोचलं तर त्या बाईला रक्ताच्या तपासण्या करत फिरावं लागतं, कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही. सुई कुणाला वापरलेली तिला थोडीच ठाऊक असतं?

आता नीट वाचा, आज रात्रीच करता येईल.

सुया, शुगर तपासायच्या टोचण्या आणि इन्सुलिनच्या रिकाम्या काचेच्या कुप्या या तिन्हींसाठी एक जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिरकीच्या झाकणाची. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची संपलेली चालते. कुप्यांसाठी तोंड रुंद असलेली बघा. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. तुम्ही "टोपण लावून" म्हणताय, तेच नको. आतलं छोटं टोपण परत लावताना सगळ्यात जास्त टोचतं. इन्सुलिनचं पेन असेल तर बाहेरच्या मोठ्या टोपणाने सुई फिरवून काढा आणि टोपणासकट सरळ बाटलीत. सिरिंज असेल तर टोपण न लावता सिरिंज अख्खीच बाटलीत. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट करा, चिकटपट्टी फिरवा, वर मार्करनं मराठीत लिहा: "सुया आहेत, उघडू नका". तोवर बाटली उंचावर, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी.

डायपर: आतली घाण आधी संडासात. मग आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीनं बंद, वर्तमानपत्रात पुडकं, त्यावर लाल पेनानं मोठा ठिपका. जखमेचं गॉज आणि कापूस असंच वेगळ्या पुडक्यात. काळी पिशवी सोडा, कागदाचं पुडकं दिसू द्या. लाज वाटायचं काही कारण नाही, म्हातारपण घरोघरी आहे.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सुक्यात. उरलेल्या किंवा मुदत संपलेल्या गोळ्या मात्र सुक्यात नाहीत आणि संडासातही नाहीत, त्या बाजूला ठेवा.

निवृत्त_मास्तर
सिस्टरच्या सुयांच्या मुद्द्याला नियमाचाही आधार आहे. वापरलेल्या सुया, सिरिंज, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, बॅटरी हे सगळं 2016 च्या नियमांत "घरगुती घातक" मध्ये मोडायचं. म्हणजे गाडीवाल्या ताई "मिक्स" म्हणाल्या ते अगदी बरोबर: सॅनिटरी आणि घातक एका पिशवीत होतं. डायपरबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे, त्या नियमांत गुंडाळलेलं पुडकं सुक्यात चालत होतं.

सिस्टर_अक्का
चालतं आणि चांगलं यात फरक आहे मास्तर. पुडकं वेगळं हातात द्या, "यात डायपर आहे" म्हणून सांगा. दहा सेकंदांचं काम.

कडक_भाकरी
सुयांची बाटली भरल्यावर कुणाला द्यायची?

सिस्टर_अक्का
आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. दवाखान्यांना सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात वेगळ्या द्याव्या लागतात आणि ते न्यायला त्यांच्याकडं वेगळी गाडी येते. ओळखीचे डॉक्टर बऱ्याचदा पेशंटची बाटली ठेवून घेतात. नाहीच घेतली तर घंटागाडीच्या ताईंना बाटली वेगळी दाखवून द्या, कुठल्याही पिशवीत लपवून नाही.

दूधपिशवी
सुक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकू द्या. तो एवढासा तुकडा नंतर कुणीच उचलू शकत नाही, गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली तर भंगारवाला नेतो. कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं मात्र भंगारवालाही घेत नाही.

होटगीरोडकर
माझ्याकडं फुटलेल्या ट्यूबलाइट आहेत, त्याचं काय?

निवृत्त_मास्तर
ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली असेल तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका, जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करून झाकणाच्या डब्यात ठेवा. न फुटलेल्या त्यांच्याच खोक्यात.

कडक_भाकरी
सकाळी दिलं. पुडक्यावर लाल ठिपका काढला आणि ताईंना सांगितलं की यात डायपर आहे, सुया काढल्यात. त्यांनी पुडकं घेतलं. म्हणाल्या, रोज असंच द्या, आम्ही बाजूच्या पेटीत टाकतो. सुयांची बाटली दाखवली तर म्हणाल्या भरल्यावर सांगा, मुकादमाला विचारते. डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन केला, ते सोमवारी सांगणार आहेत. काळ्या पिशव्या संपेपर्यंत दुसऱ्या कशाला वापरते.
आमच्या खालच्या मजल्यावरही एक आजोबा इन्सुलिनवर आहेत, त्यांच्या सुनेला हा धागा पाठवलाय.

सात_रस्ता
कंपाउंडर काय म्हणतात ते इथंच लिहा. माझ्या वडिलांनाही पेन चालू झालंय.

गच्चीवरची_बाग
कडब्याची कुट्टी पाहिजे असेल तर सांगा, माझ्याकडं अर्धं पोतं जास्तीचं आहे. होटगी रोडला येऊन न्या.