मे महिना, दोन दिवसांची परिषद आणि अंगातल्या वाफा: काय काय बदलता येईल?

खातेवही_सोलापूर

मी सोलापुरात कर सल्लागार आहे, वय 49, म्हणजे पाळी जायच्या (रजोनिवृत्तीच्या) उंबरठ्यावर. आमच्या संघटनेची दोन दिवसांची परिषद मे महिन्यात असते, कारण जीएसटीचं विवरणपत्र भरायची वीस तारीख उलटली की जरा श्वास घ्यायला मिळतो. यंदा मी आयोजन समितीत आहे आणि मागच्या वर्षीचं काही केल्या डोक्यातून जात नाही.

उद्घाटन. बाहेर ऊन म्हणजे सोलापूरचं ऊन. पाहुणे पाऊण तास उशिरा. मी नवी इरकल, अस्तर लावलेला ब्लाउज, गळ्यात बॅज अशा थाटात पेटत्या समईशेजारी उभी. छातीतून वाफ उठली ती थेट कानशिलापर्यंत. नेमकं तेव्हाच माझं नाव पुकारलं आणि खांद्यावर शाल आली. लोकरी, मे महिन्यात! फोटोत मी हसतेय, पण टिकली घामाने घसरून भुवईवर आलेली.

दुपारी तर कहर. पाळी दोन-दोन महिने गायब असते आणि आली की धो धो. सत्र सलग अडीच तास चाललं. बाथरूम खालच्या मजल्यावर, कडी मोडकी, आत कचऱ्याची बादली नाही. मग उठलेच नाही. सगळे गेल्यावर फाईल मागे धरून निघाले. आमच्याकडे काम शिकायला येणारी एक मुलगी काही न बोलता गाडीपर्यंत माझ्या मागून चालत आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

समितीत अकरा जण, त्यात बायका दोन. मला ‘महिलांसाठी विशेष’ अशी पाटी नको आहे. कारण न सांगता काय काय करून घेता येईल? बाहेरगावच्या सदस्यांना हॉटेलात एका खोलीत दोघी असं ठेवतो, त्याचंही सुचवा.

मांडववाला

ताई, हॉलची कामं वीस वर्षं करतोय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. हॉल गार असतो, स्टेज तापतं. कारण मागे फ्लेक्सचा पडदा उभा करतात तो नेमका एसीच्या तोंडासमोर. सगळी हवा पडद्याच्या मागे. पडदा दोन फूट पुढे घ्या, नाहीतर स्टेजच्या बाजूने एक मोठा पंखा मारा. लाईट एलईडीच मागा, जुने हॅलोजन म्हणजे डोक्यावर शेगडी. आणि एसी लोक भरल्यावर लावतात, तो दीड तास आधी लागला पाहिजे. वीजबिलाचं कारण सांगतील, ऐकू नका. करारात लिहून घ्या.

तुमच्याकडे कोरडी हवा, तिथे मागच्या बाजूला कूलरही चालतो. मुंबईत नाही चालत, नुसता चिकचिकाट होतो.

बाथरूमची कडी आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. हॉलवाला ‘सगळं ओके’ म्हणतोच.

डॉक्टरमावशी_नाशिक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि स्वतःही याच वयाची. या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली-वर होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. एरवी कळणारही नाही इतकी उष्णता वाढली की ते शरीराला ‘गार हो’ म्हणून सांगतं. मग लाली, घाम, धडधड. बहुधा काही मिनिटांत ओसरतं, मागोमाग कधी हुडहुडी भरते. त्यामुळे नुसता एसी वाढवून भागत नाही, बाईला पंख्याजवळ किंवा पंख्यापासून लांब आपणहून सरकता आलं पाहिजे. खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवू नका, कडेला वाट ठेवा.

गरम चहा, तिखट, मद्य यांनी कित्येकींना वाफ येते. चहाच्या टेबलावर मठ्ठा, कोकम आणि गार पाणी ठेवा. जेवणात एक तरी भाजी बिनतिखटाची. दीड तासाच्या वर सत्र नको, पाहुणे उशिरा आले तर मधली सुट्टी कापायची नाही, भाषण कापायचं.

आता रागावते. ‘धो धो’ म्हणजे किती? दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, गुठळ्या पडत असतील, तर परिषदेआधी तपासून घ्या, हिमोग्लोबिनसुद्धा. ‘या वयात होतंच’ म्हणून अंगावर काढलेल्या बायका मी रोज बघते. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसलं तरी दाखवायचं.

लेस्टरची_सून

इथे इंग्लंडमध्ये 2023 साली बीएस 30416 नावाचं मानकच निघालं, पाळी आणि रजोनिवृत्तीच्या काळात कामाच्या जागी काय सोयी असाव्यात यावर. पण कागदावरचं प्रत्यक्षात कसं फसतं ते सांगते. आमच्या क्षेत्राच्या एका परिषदेत गुलाबी पाटी लावून मेनोपॉज रूम केली होती. दोन दिवसांत मी तरी कुणाला आत जाताना पाहिलं नाही. जाईल कोण, सगळे बघणार ना! पुढच्या वर्षी त्याच खोलीवर नुसतं ‘शांत खोली’ लिहिलं. आत पंखा, आरामखुर्ची, पाणी. तिथे अर्धशिशीवाला एक गृहस्थ, तान्ह्या बाळाची आई आणि मी, तिघंही होतो.

हॉटेलचं म्हणाल तर अर्जातच ‘स्वतंत्र खोली हवी का, फरक भरेन’ एवढा एक रकाना ठेवा. कारण विचारू नका. रात्री तीनला घामाने जाग येते, मी एसी सोळावर नेते आणि शेजारची बाई रजई डोक्यावर ओढते. मैत्रीण होती, म्हणून निभावलं.

निवृत्त_बाई

मी 67. आमच्या वेळच्या प्रशिक्षणांना मी कायम दाराजवळची खुर्ची धरायची. लोकांना वाटायचं बाईंना घरी पळायची घाई. पदराने वारा घालायचा आणि गप्प बसायचं. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. माझी एकच सूचना: तो बारा वाजता उन्हातला ग्रुप फोटो बंद करा.

खातेवही_सोलापूर

डॉक्टरमावशी, सोमवारची वेळ घेतली आहे. रागावलात ते बरं केलंत.

काल बैठक झाली. बाथरूमच्या बादल्या, पडदा पुढे, दीड तासाची सत्रं, फोटो सकाळी नऊला, हे सगळं ‘उन्हाळा आहे’ एवढ्यावर मंजूर झालं. शांत खोलीला खजिनदार अडले, म्हणून तिला ‘वक्त्यांची खोली’ म्हणून बसवलंय. अर्जातल्या रकान्याला सगळ्यात आधी हो म्हणाले ते घोरणारे दोन पुरुष सदस्य!

अडलं ते शालीवर. मी म्हटलं, शालीऐवजी आपल्या गावचा टॉवेल देऊ. अध्यक्ष म्हणाले, “अहो मॅडम, पाहुणे म्हणतील घाम पुसायला दिला.”

म्हटलं, तर मग, त्यासाठीच!

टॉवेल मंजूर झालेत. रंग कुठला, यावर पुढची बैठक आहे.