लाँगटर्म कर्नलला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी: लिनक्सच्या कर्नलवरचा, म्हणजे त्या संगणक-प्रणालीच्या गाभ्यावरचा, एक लेख मराठीत आणतेय. वर्षातली शेवटची कर्नल-आवृत्ती बहुधा 'लाँगटर्म', म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी, म्हणून निवडतात. मी 'दीर्घ मुदतीची आवृत्ती' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'दीर्घकालीन साहाय्य आवृत्ती' केलं. साहाय्य कसलं आणि कोणाला, काहीच कळत नाही.

खटपट्या: मुदतच बरोबर. बाकीच्या आवृत्त्या पुढची आली की थोड्याच दिवसांत बंद होतात. हिला मात्र तारीख लावून दिलेली असते.

जुनी वही: ती तारीख हलते हो! ५.१० या कर्नल-आवृत्तीला आधी दोनच वर्षं होती. या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी कंपन्यांना विचारलं, चाचण्यांचा भार कोण उचलणार? काही पुढे आल्या, तेव्हा ती २०२६ अखेरपर्यंत गेली. मुदत ठेव अशी वाढते का?

खटपट्या: मुदतवाढ निविदेलाही मिळते, तिथे कोणी शब्द बदलत नाही. आणि मुदत कमीही होते. २०१७ मध्ये अँड्रॉइड फोनांसाठी सहा वर्षं केली, २०२३ मध्ये पुन्हा दोनवर आणायचं ठरलं. सांभाळणारी माणसं दमली होती.

शुद्धमती: मुदत अरबी आहे. 'अवधी' असताना तो कशाला?

खटपट्या: तारीखही अरबीच. तीही काढणार?

गावठाण: काळाचं राहू द्या, काम काय चालतं ते बघा. नवी सोय घालत नाहीत. मुख्य शाखेत, म्हणजे नवं काम चालतं त्या कर्नलमध्ये, आधी गेलेली दुरुस्तीच मागे आणतात, आणि नियमाने तीही शंभर ओळींच्या आत. याला डागडुजी म्हणतात. आजी कळशी गळायला लागली की 'डाग देऊन आण' म्हणायची. डागडुजीतला डाग तोच, असं मला ठामपणे वाटतं.

शुद्धमती: डागडुजी पडक्या भिंतीची. डेबियन १३ ही लिनक्स-प्रणाली सहा-पॉइंट-बारा या लाँगटर्म कर्नलवर चालते, ते काय पडकं आहे? 'देखभाल' म्हणा.

जुनी वही: देखभाल हिंदीच्या वळणाची. आमच्या घरी 'निगा' म्हणत. दीर्घ निगा आवृत्ती.

भाषांतरी: निगा आवडला. पण पुढचं वाक्यही अडलंय. निवड आधीच जाहीर झाली तर कंपन्या अर्धाकच्चा कोड त्याच आवृत्तीत 'घुसवतात', हे क्रियापद लेखात चालेल?

शुद्धमती: आधी निगा. तो फारसी आहे.

गावठाण: फारसी असला तरी आमच्या गोठ्यात रोज वापरतात.