कोजागिरीचा अर्धवट राहिलेला वाद: इथल्या ब्रिटिश टीव्हीवर सगळ्यात विनोदी कोण?

प्रेषक: हॅरोकर

मंडळी, शनिवारी मसाला दूध आटलं, पण वाद काही आटला नाही. हॉलवाल्याने दिवे घालवले म्हणून घरी गेलो, एवढंच. तेव्हा पुढचं इथे.

माझं मत 'मिस्टर बीन' करणाऱ्या रोवन ॲटकिन्सनला. कारण साधं आहे. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे नाही. तिला मिस्टर बीनचा अगदी पहिला भाग लावून दिला, १९९० चा. त्यात तो चर्चमध्ये प्रार्थनागीताला उभा राहतो. त्याला शब्द येत नाहीत, पण 'हालेलुया' आलं की छत उडेल असा ओरडतो. आई म्हणाली, "अरे, हा आपल्या गणपतीतला! आरतीभर ओठ हलवतो आणि 'जय देव जय देव'ला टाळ फोडतो." हसून हसून तिला ठसका लागला. ज्याला भाषेची गरजच पडत नाही तो सगळ्यांचा बाप. विषय संपला.

प्रेषक: लेस्टरचे काका

चिरंजीव, विषय संपला असं पंचविशीत म्हणायचं नसतं.

तोंड वाकडं करून कोणीही हसवेल (कोणीही नाही, मान्य). पण शब्दावर हसवणारा एकच, रॉनी बार्कर. १९७६ साली 'द टू रॉनीज'मध्ये ते हार्डवेअरच्या दुकानाचं प्रहसन लागलं, तेव्हा मला या देशात येऊन दोन वर्षं झाली होती. गिऱ्हाईक झालेला बार्कर म्हणतो, "फोर कँडल्स." दुकानदार रॉनी कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, नाही, फोर कँडल्स! म्हणजे 'फोर्क हँडल्स', बागेतल्या काट्याचे दांडे. इथला कामगार माणूस 'ह' गिळतो, सगळी गंमत त्या गिळलेल्या 'ह'ची. खोलीत मी एकटाच गंभीर बसलेलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारच्या मशीनवाल्याने दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवले आणि मी भर पाळीत हसत सुटलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला इथलं इंग्रजी येतं.

आणि ते लिहिलंही बार्करनेच. नाव मात्र लावलं जेरल्ड वायली. स्वतःच्या नावामुळे कोणी उगाच वाहवा करू नये म्हणून. आपल्या मंडळात कविता वाचणाऱ्यांनी विचार करावा.

प्रेषक: मँचेस्टरची वहिनी

काका, तो टोमणा कळला. 🙂

दोन्ही मेलमध्ये एकही बाई नाही, म्हणून लिहिते. विनोदी लेखिका-नटी व्हिक्टोरिया वुडने लिहिलेलं ते सूपचं प्रहसन बघा. जूली वॉल्टर्स थरथरती म्हातारी वेट्रेस झालीय. घाईतलं जोडपं दोन सूप मागवतं आणि ती "टू सूऽऽप" म्हणत स्वयंपाकघराकडे निघते. फक्त निघते! तेवढ्यात माझी पोळी करपते.

आणि आपली नीना वाडिया, जन्म मुंबईचा. 'गुडनेस ग्रेशस मी' या इथल्या देशी मंडळींच्या विनोदी कार्यक्रमात ती, मीरा स्याल, संजीव भास्कर आणि कुलविंदर घीर 'इंग्लिश' खायला जातात आणि विचारतात की मेनूतला सगळ्यात मिळमिळीत पदार्थ कोणता. शुक्रवारी रात्री करी हाउसमध्ये गोऱ्यांचा चाललेला तमाशा त्यांनी जसाच्या तसा उलटा करून दाखवला. १९९८ साली ऑफिसातले गोरे माझ्याआधी त्यावर बोलत होते.

प्रेषक: नाशिककर, सध्या रेडिंग

मी देवळाली कॅम्पचा. माझ्या गावावर इथे अख्खी मालिका होऊन गेली हे किती जणांना माहीत आहे? 'इट एंट हाफ हॉट मम', १९७४ ते ८१. दुसऱ्या महायुद्धातलं देवळाली, तिथलं ब्रिटिश सैनिकांचं नाटक-पथक. मालिकेचा सहलेखक जिमी पेरी स्वतः तिथे होता, त्यामुळे सगळंच मनगढंत नाही.

परतीच्या बोटीची वाट बघत तिथे सोल्जर महिनोन्‌महिने कुजायचे आणि भ्रमिष्ट व्हायचे, म्हणून इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणतात. पहिल्या नोकरीत गाव सांगितल्यावर हशा का पिकला ते मला वर्षभराने कळलं.

विंडसर डेव्हिसचा सार्जंट मेजर भारी आहे, नाकारत नाही. पण बेअरर रंगी राम हा मायकल बेट्स नावाचा गोरा नट, तोंडाला रंग फासलेला. चहावाला दिनो शफीक मात्र खरा आपल्याकडचा, ढाक्याचा. पुढे 'माइंड युवर लँग्वेज' या इंग्रजीच्या वर्गावरच्या मालिकेत अली झाला, तोही मोडकं इंग्रजी बोलणारा. चांगल्या नटाला दुसरं कामच दिलं नाही. मला हसू येत नाही.

प्रेषक: कार्डिफ

मग 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलवरच्या मालिकेतला वेटर मॅन्युएल? तोही मोडकंच बोलतो. आणि तो करणारा अँड्र्यू सॅक्स बर्लिनचा, नाझींमुळे लहानपणी पळून आलेला. त्यावर हसायचं की नाही? (माझं मत त्यातला हॉटेलमालक बॅझिल करणाऱ्या जॉन क्लीझला. बाराच भाग काढले आणि थांबले, हेही शिकण्यासारखं.)

प्रेषक: नाशिककर

हसायचं. कारण तिथे मूर्ख मालक आहे. मॅन्युएल बिचारा सांगितलेलं करायला धडपडतो, फजिती होते बॅझिलची. 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये हसू मालकावर पडतं, देवळालीच्या मालिकेत नोकरावर.

प्रेषक: लेस्टरचे काका

नाशिककर, पटलं. तरी एक सांगतो. त्या काळी टीव्हीवर आपल्यासारखा चेहरा दिसला की आम्ही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलासुद्धा हाक मारायचो. चहावाला आला, चला खाली! सगळे हसायचो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याच आवाजात मला चहा मागायचे, तेव्हा मीही हसायचो. ते हसू कुठलं होतं हे माझ्या मुलीने विचारलं, तेव्हा उत्तर देता आलं नाही.

बार्करवरचं माझं मत कायम आहे.

प्रेषक: सचिव

पुढच्या सभेत हॉल तास-दीड तास जास्त मिळतोय. प्रोजेक्टर आहे. चर्च, सूप, मेणबत्त्या आणि 'इंग्लिश' दाखवू, मग हात वर करून मतदान. पार्किंग मागच्या गल्लीत.

प्रेषक: हॅरोकर

चालेल. आईला व्हिडिओ कॉलवर बसवतो, तिचं एक मत धरा. फक्त मेणबत्त्यांच्या आधी काकांनी उठून समजावून सांगायचं नाही.

प्रेषक: लेस्टरचे काका

तुझ्या आईला कोण सांगणार मग?