दगडी कुंपणाची धग, सखल जागेचा गारवा आणि पाडव्याची रोपे

पायथ्याचे अंगण, पुणे

पुण्याच्या पश्चिम भागात, टेकडीच्या पायथ्याशी आमचे लहानसे बैठे घर आहे. अंगण एकच असले तरी त्यातली हवा सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेचे काळ्या दगडाचे कुंपण दुपारी तापू लागते आणि रात्री नऊ वाजता हात लावला तरी कोमट लागते. पूर्वेकडे शेजारच्या आंब्याची दाट सावली आहे, तर मागे ओढ्याकडे उतरणाऱ्या सखल तुकड्यात मार्च उजाडला तरी पहाटे शाल घ्यावी इतका गारवा असतो. पाडव्याच्या निमित्ताने मी सोनचाफ्याचे कलम, दोन मोगरे आणि बहावा व काळा कुडा यांची रोपे आणली आहेत. गेल्या वर्षी याच दिवसांत कुंपणालगत लावलेला सोनचाफा, रोज पाणी घालत असूनही, मे महिन्यात पानांच्या कडा करपून गेला. देशी झाडे काटक असतात, म्हणून बहावा आणि कुडा तरी आता लावावेत का?

मुरमाड

मोठा बहावा एप्रिलच्या उन्हात फुलतो तो खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर. पिशवीतल्या फूटभर रोपाला ती मुळे अजून फुटायची असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ही दोन्ही रोपे आता जमिनीत लावू नयेत. आत्ता फक्त दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत, मेअखेरीस माती आणि कुजलेले शेणखत यांनी भरावेत आणि जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की रोपे लावावीत. तोपर्यंत पिशव्या आंब्याखाली एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे त्यांची माती लवकर सुकणार नाही.

सोनचाफ्याचे दुखणे बहुधा केवळ पाण्याचे नव्हते. तापलेल्या दगडाची धग आणि कोरडा वारा एकत्र आले की पानांतून जितके पाणी उडते, तितके कोवळी मुळे वर चढवू शकत नाहीत, मग खालची माती ओली असली तरी पाने करपतात. या कलमाला सकाळी अकरापर्यंत ऊन मिळेल अशी, आंब्याच्या सावलीच्या कडेची जागा द्यावी. गर्द सावलीत ते जगेल, पण फुले फारशी देणार नाही.

परसदार, रत्नागिरी

देशी झाडांविषयी वरील मताशी मी सहमत आहे. मोगऱ्याचे मात्र वेगळे आहे, कारण त्याला ऊन आणि उष्णता हवीच असते. दोन्ही मोगरे बारा इंची कुंड्यांत लावून कुंपणापासून दोन हात अंतरावर ठेवावेत आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे प्रत्येक बहर ओसरल्यावर शेंडे हलके छाटावेत. पुढच्या वर्षी जानेवारीत पाणी कमी करून ताण द्यावा, महिनाअखेरीस छाटणी करावी आणि मग खत-पाणी सुरू करावे. आमच्याकडे जांभ्याची जमीन आणि समुद्राकाठची दमट हवा असल्याने सोनचाफ्याची पाने अशी करपत नाहीत, म्हणून त्याच्याबाबत माझ्या अनुभवावर विसंबू नये.

पायथ्याचे अंगण, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. खड्डे उद्याच खणायला घेते. मागच्या सखल तुकड्यात देशी वेल लावता येईल का?

मुरमाड

तिथे कुसर लावून पाहावी. ही सह्याद्रीतली रानजाई असून मार्च-एप्रिलच्या सुमारास पांढऱ्या, सुगंधी फुलांनी भरून जाते आणि आधार मिळाला की झाडावर उंच चढते. ओढ्याकडची ओल तिला मानवेल, मात्र पावसाळ्यात पाणी साचून राहत असेल तर थोडा उंचवटा करूनच लावावी. कृपया टेकडीवरचा वेल उपटून आणू नये. मुळे तुटल्यामुळे तो बहुतेक वेळा जगत नाही आणि टेकडीही उघडी पडते. देशी झाडांच्या रोपवाटिकेत आताच सांगून ठेवले, तर पावसाच्या तोंडावर रोप हाताशी येईल. कुड्याचा खड्डा कुंपणापासून निदान पाच फूट दूर घ्यावा, म्हणजे कोवळ्या रोपाला दगडाची धग थेट लागणार नाही.