विषय: पुण्यातल्या आईसाठी फोन

प्रेषक: ताई (नाटक समिती)

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात शिकागोहून पुण्याला जातेय. आईचा फोन शेवटच्या घटका मोजतोय, वीस हजार रुपयांच्या आत नवा घ्यायचाय. भाचा म्हणतो, "मावशी, डोळे मिटून शाओमी घे." रविवारी तालमीत हे बोलले, तर निम्म्यांनी नावच ऐकलेलं नव्हतं आणि उरलेले म्हणाले, "चिनी? नको गं बाई!" मग इथूनच माझा जुना आयफोन 14 नेऊ का? कुणाला अनुभव?

———
प्रेषक: अण्णा (खजिनदार)

ताई,
चिनी फोन अजिबात नको. 2012 साली इथल्या प्रतिनिधीगृहाच्या गुप्तवार्ता समितीने हुवावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांबद्दल अहवाल दिला होता, तो वाचावा. मी कित्येक वर्षं मोटोरोला वापरतो. आपल्या शिकागोची कंपनी, अस्सल अमेरिकन माल.

———
प्रेषक: बंड्या (साउंड सिस्टिम)

अण्णा, रागावू नका, पण मोटोरोलाचे फोन 2014 पासून लेनोवोचे आहेत. लेनोवो कुठली ते मी सांगत नाही. ऑफिस मात्र शिकागोतच आहे, मर्चंडाइज मार्टच्या इमारतीत. 🙏

———
प्रेषक: वहिनी (हिशेब तपासनीस)

बंड्या, अण्णांची खेचणं पुरे. गाव बदललं की 'चांगला फोन' कुठला तेही बदलतं, हा प्रकार मी तीन गावांत पाहिलाय.

नाशिकला 2004 मध्ये माझा पहिला फोन नोकिया 1100, टॉर्चवाला. लोडशेडिंगच्या दिवसांत त्या उजेडात सासूबाईंनी भाकऱ्या थापल्यात. (जगभरात 25 कोटींच्या वर खपला तो.) आमच्याकडे मोबाईल म्हणजे नोकिया, बाकीच्या सगळ्या 'दुसऱ्या कंपन्या'. इथून सुटीवर आलेल्या दिरांना कौतुकाने दाखवला, तर म्हणाले, "हे कोण वापरतं आता?" आता त्यात नोकियाचं काय चुकलं होतं? इथे तेव्हा बहुतेकांचा फोन व्हेरायझन, स्प्रिंट असल्या नेटवर्क कंपन्यांच्या काउंटरवरून दोन वर्षांच्या करारावर यायचा. त्या दोघांचं नेटवर्क सीडीएमए पद्धतीचं, आणि नोकियाची मुख्य मदार जीएसएम या दुसऱ्या पद्धतीवर. दिरांच्या काउंटरवर नोकिया फारसा नव्हताच, म्हणून तो भिकार. मत काउंटरने बनवलेलं, पण दीर ते अगदी स्वतःच्या अभ्यासाचं असल्यासारखं ऐकवायचे!

मग टोरांटो. ब्लॅकबेरीचं गाव वॉटर्लू तिथून तासा-दीड तासावर, त्यामुळे ब्लॅकबेरी म्हणजे घरचं कार्य. 2012 मध्येसुद्धा आमच्या ऑफिसात "टायपिंगला बटणंच हवीत" हे वाक्य लोक गावच्या गणपतीची बाजू घ्यावी तसे म्हणायचे.

पण कहर टोकियोत. 2015 साली गॅलेक्सी एस6 जपानमध्ये आला तो सॅमसंगचं नावच काढून. फोन तोच, पण वर नुसतं 'गॅलेक्सी'. कोरियन नाव दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, हे कंपनीनेच जणू कबूल केलं. नाव परत यायला 2023 उजाडलं. आणि कोरियावाल्यांनीही फार हसू नये. तिथे विकायच्या प्रत्येक फोनमध्ये त्यांचं ठरावीक देशी सॉफ्टवेअर हवं, असा नियम 2009 च्या एप्रिलपर्यंत होता. आयफोन तिथे पोचला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात!

अण्णांचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. पण तो अहवाल मुख्यतः दूरसंचाराच्या जाळ्यातल्या यंत्रांबद्दल होता. देशाचं नेटवर्क कोणाच्या हाती द्यायचं आणि आईने भाजीवालीला फोन कशावरून करायचा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. भारताचंच बघा. 2020 च्या जूनमध्ये गलवान झालं, 29 तारखेला 59 चिनी ॲप्सवर बंदी आली, घरोघरच्या ग्रुपवर बहिष्काराचे मेसेज फिरले (कितीतरी शाओमीवरूनच आले असणार). वर्षअखेरीला भारतात खपात शाओमीच पहिली. शिवाय शाओमीने 2015 मध्येच आंध्रात श्रीसिटीला फोन जुळवून घ्यायला सुरुवात केली, आणि अण्णांच्या सुनेचा आयफोन चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरचा निघाला तर मला नवल वाटणार नाही. मग चिनी कोण आणि देशी कोण?

ताई, इथून आयफोन नेऊ नकोस. अमेरिकेत विकलेल्या आयफोनना 14 पासून सिम घालायची फटच नाही, नुसतं ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं. आईंचं सिम हातात घेऊन बसशील. भाचा राहतो त्या भागात कुठल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर चालत जाण्यासारखं आहे, एवढं त्याला विचार आणि तो फोन घे. अक्षर मोठं करून दे. आलेल्या फोनवरचं हिरवं बटण ओढायचं की दाबायचं, हे समोर बसून चार वेळा करून दाखव. आमच्या आईंचे निम्मे कॉल तिथेच तुटतात.

———
प्रेषक: ताई (नाटक समिती)

वहिनी, सिमच्या फटीचं बरं सांगितलंत, बॅगेत भरलाच होता मी! भाच्याला विचारलं. म्हणतो, पायी दहा मिनिटांवर दोन आहेत, एक सॅमसंगचं आणि एक शाओमीचं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कुठलाही आण, पण टॉर्च लगेच लागायला हवा."

———
प्रेषक: अण्णा (खजिनदार)

लेनोवोचं कळलं. मर्चंडाइज मार्ट शिकागोतच आहे ना? मग झालं. फोन बदलणार नाही.
संक्रांतीच्या हॉलचे पैसे नऊ घरांकडून अजून यायचे आहेत. बंड्या, त्यात तूही आहेस.