बाणाचं टोक, फळ की फाळ?

शरपुंखा: आमच्या मंडळात लाकडी धनुष्य आणि लाकडी बाण वापरून नेमबाजी शिकणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. त्यात एक वाक्य होतं, ‘टोक जड केलं की बाण जास्त वाकतो.’ एका मुलाने त्याचा अर्थ असा घेतला की काडी पुढच्या बाजूला जाड ठेवायची! चूक त्याची नाही, माझ्या शब्दाची आहे. पुढे बसवतात त्या लोखंडी तुकड्याला काय म्हणावं?

बोरू: ‘टोक’ ही जागा आहे, वस्तू नाही. पेन्सिलीला टोक काढतो, सुईला टोक असतं, ते वेगळं काढून वजनकाट्यावर ठेवता येत नाही. तुम्हाला हवा आहे वस्तूचा शब्द. संस्कृतात त्याला ‘फल’ आणि ‘शल्य’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘शल्य’ मराठीत आलं आणि मनातच राहिलं: सल, सलणे. बाण उपटला तरी आत रुतून राहतं ते शल्य. शल्यचिकित्सा, विशल्यकरणी हे त्याच घराण्यातले शब्द. टिपणासाठी मात्र ‘फळ’ घ्या.

वेळू: मी बाण स्वतः बनवतो, म्हणून आधी त्या वाक्यामागचं सांगतो. दोरी मागून ढकलते, पुढचं लोखंड जागचं हलायला वेळ घेतं आणि मधली काडी या दोघांत सापडून धनुकलीसारखी वाकते. ती वाकते म्हणूनच धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जाते. पुढचं वजन वाढवलं की वाकणं वाढतं.

माझं धनुष्य ४५ पौंडांचं आहे, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. १०० ग्रेनचं लोखंड काढून १२५ ग्रेनचं बसवलं, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचं काढून आठ ग्रॅमचं. फरक दीडच ग्रॅम. पण काडीचं वाकणं तपासायला मुद्दाम सोडलेला बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांपासून हातभर उजवीकडे जाऊन रुतला. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण असा उजवीकडे गेला, तर काडी त्या वजनाला मऊ पडते आहे. डावीकडे गेला तर कडक. इथे एक विनंती: ‘कमकुवत’ लिहू नका. मुलांना वाटतं बाण मोडेल. काडी चांगलीच असते, फक्त जास्त लवते.

शरपुंखा: मऊ आणि कडक, दोन्ही घेतले. पण ‘फळ’ लिहिलं तर मुलं आंब्याकडे जातील.

बोरू: वाक्यात बसलं की जाणार नाहीत. आणि जुन्या फळांची नावं किती नेमकी आहेत पाहा. धनुर्वेदाच्या ग्रंथांत सूचीमुख, अर्धचंद्र, वत्सदंत, काकतुंड, भल्ल, क्षुरप्र अशी यादी येते, सगळी आकारावरून किंवा धारेवरून. भल्लापासून आपला भाला आला. क्षुरप्रापासून खुरपं! शत्रूवर सोडायचं पातं आपण तण काढायला घेतलं, हे मला फार आवडतं.

त्याच ग्रंथांत काड्यांचेही तीन प्रकार आहेत. पुढे जाड ती स्त्री, मागे जाड ती पुरुष, सारखी ती नपुंसक. पहिली दूर जाते, दुसरी खोल भेदते, तिसरी नेम साधण्याच्या सरावाला. तुमच्या त्या मुलाने काढलेला अर्थ अगदीच अस्थानी नव्हता.

वेळू: खुरप्यावरून सुचलं. ‘फाळ’ का नको? नांगराचा फाळ म्हणजे लाकडाच्या पुढे बसवलेलं लोखंड. झिजलं की काढायचं, लोहाराकडून शेवटून आणायचं, पुन्हा बसवायचं. बाणाचं नेमकं तेच आहे. शिवाय ‘जड फाळ’, ‘हलका फाळ’ हे तोंडात सहज बसतं. शिकारीच्या बाणाच्या रुंद लोखंडाला ‘पात्याचा फाळ’ म्हणता येईल. वजन तेवढंच असलं तरी त्याची पाती पुढून वारा धरतात, मागची पिसं एकीकडे आणि पुढची पाती दुसरीकडे ओढतात. साध्या फाळावर खपून गेलेली चूक तिथे उघडी पडते.

बोरू: हरकत नाही. किंबहुना ‘फळ’पेक्षा सरस. माझा आग्रह सोडतो.

शरपुंखा: आणि ट्यूनिंगला, म्हणजे बाण धनुष्याला नीट बसेल असा करून घेण्याला? ‘बाण लावणे’ लिहिलं होतं, तंबोरा लावतात तसं.

वेळू: दोरीला बाण लावणे आधीच आहे, घोटाळा होईल. ‘जुळवणे’ घ्या. तंबोरा जुळवतातही. आणि जुळवण्यात दोन बाजू असतात: फाळ बदला, नाहीतर काडीची लांबी. काडी अर्धा इंच कापली की ती कडक होते. मात्र कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून आधी फाळ बदलून पाहावा. हे ठळक अक्षरात लिहा.

शरपुंखा: सुधारलेलं वाक्य देते: ‘बाणाला जड फाळ बसवला की सुटताना काडी जास्त लवते. बाण जुळवताना आधी फाळ बदलून पाहा, काडी शेवटी कापा.’ उद्या त्याच मुलाला वाचायला देते.